गादीवर बसवणारे गेम आतून नेमके चालतात कसे

दरबार भरलाय, राजा तुम्ही आहात आणि समोर रांग लागलीय. पहिला शेतकरी सांगतोय की रानातून काहीतरी येतं आणि जनावरं ओढून नेतं, कोणालातरी पाठवा. त्याच्यामागे एक बाई, तिचं घर जळालंय, तिला सोनं हवंय. तिसरा एकदम गोडबोल्या, त्याच्या धंद्यात तुम्ही पैसे घातले तर म्हणे थोड्याच दिवसांत दुप्पट. खजिन्यात आहे ते यातल्या एकालाच पुरेल, सैन्यासाठी काही बाजूला ठेवायचं म्हटलं तर एकालाही नाही, आणि तेवढ्यात आतून निरोप येतो की मुलगी रुसून बसलीय, जरा येऊन जा. डोक्यावर मुकुट आहे, बाकी सगळी बोंब.

नेहमीच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये तुम्ही नकाशाकडे वरून बघत असता, शहरं बांधता, फौजा सरकवता, आणि माणसं म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा. तुम्हाला राजा बनवणाऱ्या या गेम्समध्ये नकाशा असलाच तर नावापुरता, लढाई बऱ्याचदा दोन-चार ओळींत उरकते, आणि खरा गेम म्हणजे समोर उभं राहून काहीतरी मागणारं माणूस आणि तुमचं हो किंवा नाही. जादू, राक्षस, चेटकीण वगैरे असतात, पण ते सजावटीला. पोटात सगळा हिशोबच आहे.

खेळताना वाटतं की आपल्या प्रत्येक शब्दाने राज्याचं नशीब फिरतंय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे बनवणाऱ्यांची हातचलाखी, आणि ती हातचलाखी काय असते ते एकदा कळलं की मजा जाईल असं वाटतं पण तसं होत नाही, उलट कुठला गेम नीट विचार करून बनवलाय आणि कुठला नुसता आव आणतोय हे पटकन ओळखता यायला लागतं.

हे सगळं नवीन आहे असंही समजू नका. १९६४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मेबल ॲडिस नावाच्या शाळेतल्या शिक्षिकेने आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या एका प्रकल्पात ‘द सुमेरियन गेम’ लिहायला घेतला. सहावीतल्या मुलांना प्राचीन सुमेरचं (आजच्या इराकच्या दक्षिणेचं) अर्थकारण शिकवायचं म्हणून. मूल टर्मिनलसमोर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या टाइपरायटरसारख्या यंत्रासमोर बसायचं, ते लगाश नगरीचा राजा लुडुगा, आणि कारभारी त्याला कागदावर छापून रिपोर्ट द्यायचा की पीक एवढं आलं, लोक एवढे आहेत, आता सांगा खायला किती द्यायचं, पेरायला किती, कोठारात किती. स्क्रीन नाही, चित्र नाही (पुढच्या आवृत्तीत स्लाइड्स आल्या), नुसता मजकूर आणि आकडे. पण बाई शिक्षिका होत्या, त्यामुळे नुसते आकडे न देता त्यांनी त्याला गोष्टीसारखं लिहिलं. पहिला भाग संपला की लुडुगाचा वारस गादीवर, मग त्याचा वारस. म्हणजे राजा, कारभारी, टंचाई, गोष्ट आणि वारसदार, आज जे जे लागतं ते बहुतेक तेव्हाच होतं.

त्याची नुसती माहिती ऐकून डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये एक बारकासा गेम लिहिला, तो पुढे ‘हमुराबी’ नावाने बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत सगळीकडे पसरला. यातले नियम इतके थोडे आहेत की एका दमात सांगता येतात. सुरुवातीला १०० लोक, १,००० एकर जमीन, २,८०० बुशेल धान्य (बुशेल हे धान्याचं माप). एका माणसाला वर्षाला २० बुशेल लागतं. जमिनीचा भाव दरवर्षी १७ ते २६ बुशेलच्या मध्ये कुठेतरी. कधी उंदीर धान्य खातात, कधी साथ येते आणि निम्मे लोक मरतात. १० वर्षं राज्य करायचं, आणि एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त लोक उपाशी मेले तर तुम्हाला हाकलून देतात. बास, संपला गेम. आता गंमत बघा, १०० लोकांना पोटभर द्यायचं म्हणजे २,००० बुशेल गेले, उरले ८००, त्यात पेरायचं पण आहे आणि पुढच्या वर्षी उंदीर येणार की नाही कोणालाच माहीत नाही. मग हात आपोआप तिकडे जातो, की समजा यंदा पाच लोकांना कमी दिलं तर? कोणी तुम्हाला दुष्ट व्हायला सांगितलेलं नाही. आकडेच असे रचलेत की तो विचार तुम्ही स्वतःहून करता. आजचे दिसायला देखणे गेम सुद्धा हेच करतात, फक्त त्या पाच लोकांना चेहरा आणि नाव देतात.

नाव दिलं की खर्च वाढतो

आणि अडचण पण तिथेच सुरू होते. चेहरा दिला म्हणजे त्याला बोलायला लावावं लागतं, तो मेला तर त्याच्या बायकोने येऊन काहीतरी म्हणायला हवं, वाचला तर पुढे कधीतरी परत दिसायला हवा. गोष्ट लिहावी लागते. आणि गोष्टीला फाटे फोडायचे म्हटले की गणित अंगावर येतं.

समजा एका गेममध्ये फक्त २० निर्णय आहेत, प्रत्येकाला दोनच पर्याय, आणि प्रत्येक निर्णयानंतर गोष्ट खरोखरच वेगळ्या वाटेने जाते. १० निर्णय झाले की १,०२४ वाटा. २० झाले की १०,४८,५७६. दर वाटेच्या शेवटी एक एक पान लिहायचं ठरवलं तरी दहा लाखांवर पानं झाली, आणि खेळणारा त्यातली एकच वाट चालणार, फार आवडला गेम तर दोन. असे गेम बनवणाऱ्या टीम बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांच्या असतात. म्हणजे ‘प्रत्येक निर्णयाने सगळं बदलतं’ हे शब्दशः कोणीच बनवू शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. मग ते काय करतात?

सगळ्यात जुना उपाय म्हणजे निर्णयाचं रूपांतर आकड्यात करायचं. नेरियल स्टुडिओचा २०१६ चा ‘रेन्स’ हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण, कारण त्यात दुसरं फारसं काही नाहीच. एक कार्ड येतं, त्यावर कोणीतरी काहीतरी मागतं, तुम्ही बोटाने डावीकडे सरकवा किंवा उजवीकडे. वर चार चिन्हं, म्हणजे चार मीटर: धर्मसत्ता, प्रजा, सैन्य, खजिना. प्रत्येक उत्तराने यातलं काही वर जातं, काही खाली. आता तुम्ही शंभर कार्डं खेळला असाल, त्या शंभर निर्णयांचे किती क्रम होऊ शकतात ते मोजायच्याही पलीकडे आहे, पण गेमच्या दृष्टीने तुमचा सगळा इतिहास म्हणजे मुख्यतः चार आकडे. लाखो वाटा चार आकड्यांत गोळा करून टाकल्या. लिहिणाऱ्याचे प्राण वाचले.

पण नुसते आकडे असते तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता, सगळ्यांना खूश ठेवा आणि जिंका. म्हणून त्यात एक खोडी आहे. कुठलाही मीटर रिकामा झाला की राजा मेला हे कोणालाही सुचेल, इथे मीटर पूर्ण भरला तरी राजा मरतो. सैन्य फार बलवान झालं की सेनापतीला वाटतं आता राजाची गरज काय. म्हणजे चांगुलपणा करत सुटलात तरी मेलात. दुसरी खोडी त्याहून बारीक आहे. कार्ड थोडं सरकवून धरलं की कुठल्या मीटरवर परिणाम होणार ते छोट्या-मोठ्या टिंबाने दिसतं, पण वर जाणार की खाली ते दिसत नाही. किती धोका आहे ते कळतं, कुठल्या बाजूने आहे ते नाही. मला विचाराल तर या संपूर्ण प्रकारातलं सगळ्यात हुशार डिझाइन हे एक टिंब आहे, कारण आता तुम्हाला कार्डावरचा मजकूर वाचावाच लागतो, माणूस काय बोलतोय यावरून अंदाज बांधावा लागतो. सगळं दाखवलं असतं तर लोकांनी नुसते आकडे बघून स्वाइप केलं असतं, काहीच दाखवलं नसतं तर जुगार झाला असता.

आणि राजा मेला की पुढचा राजा येतो, राज्य चालूच. हरणं म्हणजे शिक्षा न राहता गोष्टीचाच एक भाग होतं, वर काही नवीन कार्डं पण उघडतात. ॲडिसबाईंचे लुडुगा आठवा, तोच धागा.

गेम कसा लक्षात ठेवतो

आकड्यांची मर्यादा अशी की त्यांना कारण आठवत नाही. प्रजेचा मीटर ४० वर आहे, पण तो विहिरी बांधून आला की चोराला फाशी देऊन आला हे मीटरला काय माहीत. म्हणून दुसरी वस्तू लागते, तिला सगळे फ्लॅग म्हणतात. फ्लॅग म्हणजे हो-नाहीची एक नोंद: जळालेल्या घरवालीला मदत केली होती का? हो. मग वीस आठवड्यांनी वेढा पडला असताना तीच बाई भाकरीचं गाठोडं घेऊन किल्ल्याच्या मागच्या दाराशी येते आणि तुम्हाला वाटतं काय जबरदस्त लिहिलंय. आत काय झालं तर प्रोग्रामने एक नोंद तपासली आणि चार ओळींचा एक जादा मजकूर दाखवला. स्वस्तात काम झालं, पण परिणाम खराच होतो, कारण मधल्या वीस आठवड्यांत तुम्ही तिला पार विसरून गेलेले असता.

हे जे मधे वेळ जाऊ देणं आहे ना, ते फार महत्त्वाचं आहे आणि बरेच गेम इथेच घाई करतात. निर्णय घेतला आणि लगेच समोर ‘अमुक खूश झाला, तमुक नाराज झाला’ अशी पाटी आली की तो व्यवहार झाला, राज्यकारभार नाही. १९९९ मध्ये ए शार्प नावाच्या छोट्या कंपनीने काढलेला ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या बाबतीत अजूनही मास्तर आहे. ग्लोरांथा नावाच्या कल्पित जगातली एक टोळी तुम्ही सांभाळायची, संपत्ती म्हणजे मुख्यतः गुरं, आणि ध्येय असं की टोळ्यांना जोडत जोडत ड्रॅगन पास या प्रदेशाचा राजा व्हायचं. गेम सुरू व्हायच्या आधीच तो तुम्हाला तुमच्या पूर्वजांबद्दल प्रश्न विचारतो, तुमचे जुने वैरी कोण, तुम्ही गुलाम ठेवता की नाही, वगैरे. तुम्हाला वाटतं कॅरेक्टर बनवायचा टाइमपास चाललाय. पुढे कित्येक वर्षांनी एखादी भानगड उभी राहते आणि तेव्हा लोकं त्या उत्तरांच्या आधारावर तुम्हाला जाब विचारतात, आपल्या पूर्वजांनी असं केलं असतं का म्हणून. शेजारच्या टोळीची गुरं पळवली तर वैर लक्षात राहतं, पाहुण्याला परत पाठवलं तर त्याची गोष्ट पसरते.

याच गेममधले सल्लागार पण बघण्यासारखे. टोळीचं सात जणांचं मंडळ असतं, ते तुम्हीच निवडता, आणि कुठलाही प्रसंग आला की सातही जण आपापलं मत देतात. यात ग्यानबाची मेख अशी की सल्ला हा गेमने दिलेला हिंट नाहीये, तो त्या माणसाचा सल्ला आहे. ज्याला व्यवहार कळतो तो सौद्याबद्दल नीट सांगेल, पण जादूटोण्याबद्दल विचारलं तर काहीतरी ठोकून देईल, आणि दोन्ही वेळेला तोंडावर आत्मविश्वास तेवढाच. शिवाय प्रत्येकाचा देव वेगळा, स्वभाव वेगळा, एखाद्याला सगळ्या रोगांवर लढाई हेच औषध वाटतं. त्यामुळे प्रश्न ‘काय करू’ इतकाच राहत नाही, ‘यातल्या कोणाचं ऐकू’ हा पण होतो, आणि राज्य चालवणं म्हणजे बऱ्यापैकी हेच असावं.

तिसरी युक्ती गोष्टीच्या आकाराची. नदीला मधे बेट लागलं की पाणी दोन अंगांनी जातं आणि पुढे परत एक होतं, तसं गोष्टीचं करायचं. फाटे फुटू द्यायचे, पण काही ठरलेल्या जागी सगळ्यांना परत एकत्र आणायचं. ब्रेव्ह ॲट नाइटचा २०२० चा ‘येस, युवर ग्रेस’ असाच बांधलाय. दॅव्हर्न राज्याचा राजा एरिक, राणी, तीन मुली, दर आठवड्याला दरबार. राजाने फार पूर्वी अडचणीत असताना एका रानटी सरदाराला शब्द दिलेला असतो की थोरली मुलगी तुला देईन, आणि आता तो ती वसुली करायला आलाय. तुम्ही काहीही करा, तो येणारच. लढाई होणारच. तुमच्या हातात काय, तर त्या दिवशी तुमच्या बाजूने कोण उभं असेल, कोठारात किती धान्य असेल, कोणाचं लग्न कोणाशी लावून मदत मिळवलेली असेल आणि त्याबद्दल घरातलं कोण तुमच्याशी बोलायचं बंद झालेलं असेल.

यावर बरेच लोक चिडतात. म्हणतात हा कसला चॉइस, शेवटी सगळे तिथेच पोहोचतात. तक्रार अगदीच खोटी नाही, या गेममध्ये काही निर्णय असे आहेत की दोन्ही बाजूंनी फिरून एकाच वाक्यावर येतात आणि दुसऱ्यांदा खेळताना ते उघडं पडतं. पण मला हे तितकं खुपत नाही. युद्ध येणारच असेल तर ते येणारच. राजाला काय घडणार यावर थोडाच ताबा असतो, आपण कोणाला काय शब्द दिला आणि पाळला का यावर थोडा जास्त असतो, आणि गेम नेमका तेवढाच ताबा देतो. खुपतं ते वेगळंच, चॉइस मोठ्या आवाजात विचारायचा, संगीत थांबवायचं, स्क्रीन काळी करायची, आणि मग त्या चॉइसचा पुढे कुठे म्हणजे कुठेच उल्लेख नाही. निदान कोणीतरी टोमणा तरी मारावा.

चौथी युक्ती पटकन सांगतो कारण ती ऐकायला अवघड आणि करायला सोपी आहे. गोष्ट एका सलग धाग्यात न लिहिता सुट्या तुकड्यांत लिहायची आणि प्रत्येक तुकड्याला अट लावायची: खजिना इतक्याच्या खाली असेल, मंत्री जिवंत असेल, हिवाळा असेल, तरच हा प्रसंग येऊ शकतो. मग गेम दर वळणाला अटी बसणारे तुकडे गोळा करतो आणि त्यातला एक काढतो. याला स्टोरीलेट म्हणतात, फेलबेटर गेम्सच्या २००९ च्या ‘फॉलन लंडन’पासून ही पद्धत खूप रुजली. फायदा असा की नवीन प्रसंग घालायचा तर जुनं काही उसवावं लागत नाही. तोटा असा की तुकडे नीट नाही विणले तर काल ज्याच्या अंत्ययात्रेला गेलात त्याच्याच गावचा माणूस आज येऊन विनोद सांगून जातो.

टंचाई नसेल तर राजा नाही

आता हे सगळं यंत्र जोडलं, मीटर आले, फ्लॅग आले, गोष्टीचा आकार ठरला, तरी गेम फसू शकतो. कारण या सगळ्याला जीव येतो तो कमतरतेमुळे. खजिन्यात पुरेसं असेल तर प्रत्येकाला हो म्हणता येतं, आणि प्रत्येकाला हो म्हणता येत असेल तर तो चॉइसच नाही, फॉर्म भरणं आहे.

याचं मोठं आणि महागडं उदाहरण म्हणजे लायनहेडचा २०१० चा ‘फेबल ३’. कल्पना काय सुंदर होती! गेमच्या पहिल्या टप्प्यात तुम्ही जुलमी राजाविरुद्ध बंड उभं करता, तो राजा तुमचा सख्खा भाऊ. मदत हवी म्हणून ज्याला त्याला वचन देत सुटता, तुला शाळा देईन, तुला स्वातंत्र्य देईन. मग तुम्ही राजा होता आणि कळतं की भाऊ उगाच जुलमी नव्हता, वर्षभरात अंधारातून एक भयंकर संकट येणार आहे, आणि सगळ्या ६५ लाख प्रजेला वाचवायचं तर खजिन्यात ६५ लाख सोन्याची नाणी हवीत. म्हणजे वचनं पाळलीत तर लोक मरणार, लोकांना वाचवायचं तर वचनं मोडायची, अनाथाश्रम नीट करायचा की तिथे वेश्यालय काढून पैसा करायचा, अशा थराला जातं प्रकरण. बंडखोराला राजाच्या जागी बसवून बघणं, यापेक्षा चांगली कल्पना या प्रकारात मला तरी माहीत नाही.

फसलं कुठे? त्याच गेममध्ये घरं आणि दुकानं विकत घेऊन भाडं खाता येतं. थोडा धीर धरला, दोन-चार संध्याकाळी नुसतं भाडं साठू दिलं की स्वतःच्या खिशातून खजिना भरता येतो, सगळी वचनं पाळा, सगळ्यांना वाचवा, पेच गेला उडत. एका बाजूच्या खिडकीतून सगळी टंचाई बाहेर निघून गेली. आणि दुसरं म्हणजे दिवसांची मोजणी. ३६५ पासून खाली येत येत शेवटच्या टप्प्याला १२१ दिवस उरलेत असं दाखवतात, तुम्हाला वाटतं अजून बराच वेळ आहे, आणि तिथून थेट हल्ल्याचा दिवस. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांचे लाखो लोक गेले. नंतर फळं भोगायला लावायची असतील तर फळं कधी येणार याचा अंदाज यायला हवा, नाहीतर खेळणारा स्वतःला दोष देत नाही, गेमला शिव्या घालतो, आणि बरोबरच करतो.

टंचाई फक्त पैशाचीच हवी असंही नाही. ‘येस, युवर ग्रेस’मध्ये सेनापती, चेटकीण आणि शिकारी अशी मोजकी माणसं असतात, एकाला एका कामाला धाडलं की तो आठवडा गेला, पुढचा कितीही रडला तरी पाठवायला माणूस नाही. हनाको गेम्सच्या २०१२ च्या ‘लाँग लिव्ह द क्वीन’मध्ये टंचाई वेळेची आहे. चौदा वर्षांची राजकन्या एलोडी, राज्याभिषेकाला ४० आठवडे, दर आठवड्याला फक्त दोन विषय शिकता येतात, आणि विषय आहेत चाळीसच्या वर. दरबारी शिष्टाचार शिकवलात तर तलवारबाजी राहिली, इतिहास शिकवलात तर विषांची ओळख राहिली, आणि मग कोणीतरी चॉकलेटचा डबा भेट म्हणून पाठवतं. गेम गुलाबी आहे, गोड आहे आणि अत्यंत क्रूर आहे. इथे चॉइस समोर येतो तेव्हा तो खरं तर आधीच झालेला असतो, सात आठवड्यांपूर्वी तुम्ही कुठला तास घेतलात तेव्हाच. राज्यकारभाराचं हे अंग बाकी गेम्सना फारसं जमलेलं नाही.

मग एवढं सगळं असून लोक काय करतात, तर निर्णय घ्यायच्या आधी सेव्ह करतात, उत्तर देऊन बघतात, वाईट झालं की परत लोड. ही सवय कोणाला नाही! पण या गेम्सचा सगळा डोलारा न माहीत असण्यावर उभा आहे, दोन्ही पर्यायांची किंमत आधीच कळली तर मग राहिलं काय, जमाखर्च. म्हणून कित्येक गेम मुद्दामच स्वतःच आपोआप सेव्ह करतात, मागे जाऊ देत नाहीत. आणि म्हणूनच फळं उशिरा देणं ही त्यावरची सगळ्यात चांगली तोड आहे, वीस आठवड्यांनी कळलं की चूक झाली तर लोड करणार कुठलं सेव्ह? मनस्ताप होतो हे मान्य, पण तो मनस्तापच तर विकत घेतलाय आपण.

मोठ्या गेममध्ये राज्य हा एक भाग म्हणून टाकला की काय होतं तेही बघा. आउलकॅटचा २०१८ चा ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ मुळात रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन हिंडायचं, लढायचं, त्याला वाढवत न्यायचं, त्यात तुम्हाला जहागीर मिळते, सल्लागार नेमायचे, अर्थव्यवस्थेपासून हेरगिरीपर्यंत दहा खाती वाढवायची. लिखाण चांगलं आहे, पण गुहेत राक्षसाशी लढत असताना डोक्यात चाललेलं असतं की राजधानीत परत जायला किती दिवस लागतील आणि तोवर तिकडे काय जळून जाईल. काहींना तेच आवडतं. बाकीच्यांनी शेवटी कारभार ऑटोमॅटिकवर टाकला, तशी सोय सेटिंगमध्ये दिलेलीच आहे, आणि तलवार घेऊन हिंडले. राज्य चालवण्याच्या गेममध्ये राज्य बंद करायचं बटन द्यावं लागतं यातच काय ते आलं.

सुरुवात करायची असेल तर आधी काहीतरी अगदी छोटं घ्या. ‘सॉर्ट द कोर्ट’ नावाचा एक फुकट गेम आहे, ब्राउझरमध्ये चालतो, २०१५ च्या डिसेंबरात लुडम डेअर नावाच्या दोन-तीन दिवसांत गेम बनवायच्या जॅमसाठी केलेला. त्या वेळचे विषय होते ‘वाढणं’ आणि ‘दोनच बटनं’, आणि हा गेम बनवणाऱ्या पठ्ठ्याने दोन्ही विषय एकात घेतले, दोन बटनं म्हणजे हो आणि नाही, वाढतं ते राज्य. त्यात कोणी फारसं मरत नाही, दडपण नाही, पण मीटर, अटी लावलेले तुकडे, परत परत येणारी पात्रं हे सगळं बाळबोध रूपात दिसतं. मग ‘रेन्स’, फोनवर पण आहे. गोष्ट हवी असेल तर ‘येस, युवर ग्रेस’, एका दमात संपवायचा नाही, आठवडा आठवडा करत खेळायचा. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ शेवटी, त्याला वाचायची तयारी लागते आणि पहिली एक-दोन राज्यं बुडवायची पण. त्याच लोकांचा २०१८ चा ‘सिक्स एजेस’ दिसायला जास्त सुटसुटीत आहे, त्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

आणि पहिल्यांदा खेळताना गाइड बघू नका, कुठला पर्याय चांगला ते शोधत बसू नका. दुसऱ्यांदा खेळताना मात्र मुद्दाम आधीच्या उलट उत्तरं द्या आणि लक्ष ठेवा, कुठे नुसता आकडा हलतोय, कुठे एखादं वाक्य बदलतंय, आणि कुठे खरंच एखादं माणूस दरबारात यायचं बंद झालंय.